डिमरवरचा एलईडी दिवा : तुलना आणि निवड

घरातल्या बैठकीत डिमरवर ६० वॅटचा पिवळा बल्ब होता. तो गेला म्हणून त्याच्या जागी ९ वॅटचा एलईडी दिवा लावला. आता डिमरचे बटण फिरवले तर अर्ध्या वाटेपर्यंत काहीच फरक पडत नाही, मग दिवा लुकलुकू लागतो आणि शेवटी एकदम विझतो. अशा वेळी बहुतेक जण म्हणतात, 'दिवा खराब निघाला.' बऱ्याचदा दिवाही चांगला असतो आणि डिमरही चांगला असतो. बिघडलेली असते ती दोघांची जोडी. असे का होते आणि दिवा विकत घेण्यापूर्वी काय तपासावे, हे या पाठात पाहू.

१. डिमर नेमके काय करतो?

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा असतो. २३० हे वर्गमध्यमूळ मूल्य आहे. लहरीचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते. एका सेकंदात ५० आवर्तने, म्हणजे १०० अर्धआवर्तने होतात आणि प्रत्येक अर्धआवर्तन १० मिलिसेकंदांचे असते.

भिंतीवरचा नेहमीचा डिमर व्होल्टता कमी करत नाही, तर लहरीचा काही भाग कापून टाकतो. त्यात ट्रायॅक नावाचा अर्धवाहक स्विच असतो. प्रत्येक अर्धआवर्तनात तो काही काळ बंद राहतो, मग चालू होतो आणि विद्युतधारा शून्याजवळ येईपर्यंत चालू राहतो. बटण फिरवल्यावर चालू होण्याचा हा क्षण पुढे-मागे होतो. अमेरिकेतील जोएल स्पायरा यांनी १९५९ साली घरगुती वापराचा असा अर्धवाहक डिमर तयार केला. त्या काळी समोर फक्त तंतूचा बल्ब होता आणि सारी रचना त्याच्याच हिशेबाने झाली, हे लक्षात ठेवा.

२. तंतूच्या बल्बला हे का चालते?

तंतू हा साधा रोध आहे. तो १० मिलिसेकंदांत थंड होत नाही, त्यामुळे कापलेली लहर मिळाली तरी प्रकाश बऱ्यापैकी स्थिर राहतो.

एक उदाहरण सोडवू. ट्रायॅक बरोबर मध्यावर, म्हणजे ९० अंशांवर चालू होतो असे धरा. अर्धी लहर कापली गेली, म्हणून वर्गमध्यमूळ व्होल्टता २३० ÷ √२ = सुमारे १६३ व्होल्ट झाली. तंतूच्या बल्बचा प्रकाश ढोबळमानाने व्होल्टतेच्या ३.४ व्या घाताप्रमाणे आणि वीजवापर १.६ व्या घाताप्रमाणे बदलतो. त्यानुसार प्रकाश उरतो सुमारे ३१ टक्के, पण वीज लागते सुमारे ५७ टक्के. म्हणजे ६० वॅटचा बल्ब मंद केल्यावरही सुमारे ३४ वॅट घेतो. प्रकाशाचा रंगही तांबूस होतो, कारण तंतूचे तापमान उतरलेले असते.

३. साध्या एलईडी दिव्याचे काय होते?

एलईडीला दिष्ट धारा आणि ठरावीक विद्युतधारा लागते. म्हणून दिव्याच्या बुडाशी ड्रायव्हर नावाचे छोटे मंडल असते. डिमरवर अडचण येते ती या ड्रायव्हरमुळे, आणि ती तीन प्रकारे येते.

पहिली अडचण : प्रकाश कमीच होत नाही. अनेक ड्रायव्हरमध्ये रेक्टिफायरनंतर कपॅसिटर असतो आणि तो लहरीच्या शिखरापर्यंत भरतो. ९० अंशांवर कापलेल्या लहरीतही ३२५ व्होल्टचे शिखर शाबूत असते. १२० अंशांवर कापले तरी ३२५ × साइन १२० = सुमारे २८१ व्होल्ट मिळतात. ड्रायव्हरचे कामच मुळी विद्युतधारा स्थिर ठेवण्याचे, म्हणून व्होल्टता पुरेशी आहे तोवर तो प्रकाश तसाच ठेवतो. व्होल्टता अपुरी पडली की दिवा एकदम कोलमडतो.

दुसरी अडचण : ट्रायॅक मध्येच बंद पडतो. ट्रायॅक चालू राहण्यासाठी त्यातून किमान विद्युतधारा वाहावी लागते, तिला धारण-धारा म्हणतात. ६० वॅटचा बल्ब सुमारे २६० मिलिअँपिअर घेतो. ९ वॅटच्या एलईडीला, शक्तिगुणक १ धरला तर, जेमतेम ३९ मिलिअँपिअर लागतात, आणि त्याही अर्धआवर्तनभर सारख्या वाहत नाहीत. मग ट्रायॅक एखाद्या अर्धआवर्तनात टिकतो, एखाद्यात सुटतो. प्रकाश ५० हर्ट्झ किंवा त्याहून कमी वारंवारतेने खालीवर होतो आणि डोळ्यांना लुकलुक स्पष्ट दिसते. डिमरवर 'किमान भार ४० वॅट' असे लिहिलेले असेल तर त्याचे कारण हेच.

तिसरी अडचण : दिव्याचे आयुष्य घटते. ट्रायॅक चालू होतो त्या क्षणी रिकामा कपॅसिटर एकदम भरतो. विद्युतधारेचा असा उंच ठोका सेकंदाला १०० वेळा बसतो. भाग तापतात आणि दिवा लवकर जातो. म्हणून 'डिमेबल' असे लिहिलेले नसेल तर तो दिवा डिमरवर लावू नये. पंख्याच्या रेग्युलेटरवर तर कोणताच एलईडी दिवा लावू नये.

४. डिमेबल दिवा वेगळे काय करतो?

त्याचा ड्रायव्हर तीन कामे करतो. ट्रायॅक सुटू नये म्हणून गरजेपुरती जादा विद्युतधारा ओढतो, अर्धआवर्तनाचा किती भाग शिल्लक आहे हे मोजतो आणि त्या मापाप्रमाणे एलईडीची विद्युतधारा ठरवतो. थोडक्यात, कापलेली लहर त्याच्यासाठी शक्तीचा पुरवठाही असते आणि सूचनाही. पण ती सूचना कशी वाचायची हे प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने ठरवतो. म्हणून एकच डिमेबल दिवा एका डिमरवर सुरळीत चालतो आणि दुसऱ्यावर कुरकुरतो.

डिमरचा दुसरा प्रकार लहरीची सुरुवात ठेवून शेवट कापतो. यात व्होल्टता शून्यापासून हळूहळू चढते, त्यामुळे कपॅसिटरला धक्का बसत नाही. स्विच म्हणून मॉसफेट वापरलेला असल्याने धारण-धारेची अटही राहत नाही. एलईडीसाठी हा प्रकार सहसा अधिक सोयीचा असतो.

५. तुलना कशी करावी?

दोन-तीन दिवे एकाच डिमरवर लावून पुढील गोष्टी नोंदवा. जोडणी प्रयोगशाळेतील शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा. डिमर उघडू नका.

- प्रकाशाचा पल्ला : अंधाऱ्या खोलीत दिव्यापासून १ मीटरवर फोन ठेवून लक्समापक अॅपने बटणाच्या पाच स्थानांवर मोजमाप घ्या. नेमके लक्स चुकले तरी टक्केवारी काढता येते.
- परतीचा फरक : बटण चढवताना आणि उतरवताना वेगवेगळी नोंद घ्या. काही दिवे मंद करत नेले तर खालपर्यंत टिकतात, पण त्याच स्थानावर नव्याने पेटत नाहीत.
- लुकलुक : फोनच्या स्लो मोशन चित्रणात प्रकाश खालीवर होताना दिसतो का ते पाहा. आयईईई १७८९ या २०१५ च्या शिफारशीनुसार १०० हर्ट्झला ८ टक्क्यांपर्यंतची लुकलुक कमी जोखमीची मानतात. टक्केवारी काढताना महत्तम आणि किमान प्रकाशाच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागून १०० ने गुणतात.
- आवाज : शांत खोलीत दिवा किंवा डिमर गुणगुणतो का ते ऐका.
- रंग : साध्या डिमेबल एलईडीचा रंग मंद केल्यावरही जवळजवळ तोच राहतो. तंतूच्या बल्बसारखी तांबूस छटा हवी असेल तर तशी खास रचना असलेला दिवा घ्यावा लागतो.

पल्ल्याचे आकडे वाचताना एक खबरदारी घ्या. डोळ्याला जाणवणारा उजेड साधारणपणे मोजलेल्या उजेडाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. वेष्टनावर 'किमान १० टक्के' लिहिले असेल तर ०.१ चे वर्गमूळ सुमारे ०.३२, म्हणजे तो उजेड डोळ्याला जवळजवळ एक तृतीयांश वाटेल. रात्री निजायच्या खोलीत एवढा उजेड जास्तच होतो. तिथे १ टक्क्यापर्यंत उतरणारा दिवा लागेल.

६. वीज किती वाचते?

रोज ५ तास वापर धरू. ६० वॅटच्या जागी ९ वॅटचा दिवा लावल्यास वर्षाला ५१ × ५ × ३६५ ÷ १००० = सुमारे ९३ युनिट वाचतात. तोच एलईडी मंद करून ९ ऐवजी ५ वॅटवर चालवला तर वाचतात फक्त ७.३ युनिट. म्हणजे मोठी बचत दिवा बदलण्यात आहे. डिमर घ्यायचा तो डोळ्यांच्या सोयीसाठी. ती सोय नको असेल तर डिमर काढून साधा स्विच बसवून घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. फोनवरून चालणारे स्मार्ट दिवे आतूनच मंद होतात, तेही साध्या स्विचवरच लावावेत.

डिमर ठेवायचाच असेल तर त्यावरील किमान भार आणि एलईडीसाठी दिलेली वेगळी कमाल मर्यादा वाचा. दिव्याच्या उत्पादकाने सुसंगत डिमरची यादी दिली असेल तर ती पाहा. सहा दिवे घ्यायचे असतील तरी आधी एकच आणून आपल्या डिमरवर लावून पाहा. तिथे किमान भार भरत नसल्याने लुकलुक झाली, तर सर्व दिवे मिळून भार पुरतो का याचा हिशेब करा.

स्वाध्याय

१. ट्रायॅक १५० अंशांवर चालू झाल्यास कपॅसिटरला जास्तीत जास्त किती व्होल्टता मिळेल?
२. 'किमान भार ४० वॅट' असलेल्या डिमरवर ९ वॅटचे चार डिमेबल दिवे लावले. लुकलुक होण्याची शक्यता आहे का? कारण द्या.
३. मोजलेला उजेड ४ टक्के असेल तर डोळ्याला तो सुमारे किती टक्के वाटेल?