पाणी गाळले, पण शुद्ध झाले का?

पावसाळा लागला की वैनगंगेचे पाणी गढूळ होते. अशा दिवसांत भंडाऱ्याच्या वस्त्यांत आम्ही पाण्याचा विषय काढला, की एखादी माउली गुंडावरचे फडके दाखवून म्हणते, "आम्ही गाळूनच पितो ना, भाऊ!"

सवय चांगली आहे आणि फार जुनीही. भिक्खूंच्या आठ परिष्कारांत चीवर आणि भिक्षापात्राबरोबर पाणी गाळण्याचे साधनही असते. पाण्यातला बारीक जीव मरू नये, हा त्यामागचा विचार. पण त्या फडक्याने आजार अडतो काय?

थोडाफार अडतो. बांगलादेशात मतलब भागातील बायांनी जुन्या सुती साडीच्या घड्या घालून पाणी गाळले, तेव्हा कॉलरा जवळजवळ निम्म्याने घटला, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांना चिकटलेले असतात; ते प्राणी कापडात अडकतात. सुटे जंतू मात्र कापडातून पार जातात.

म्हणून पाणीपुरवठा केंद्रात आधी तुरटी घालतात. तरंगणारे मातीचे कण एकमेकांना चिकटून जड होतात व तळाशी बसतात. उरलेले कण वाळूच्या थरात अडकतात. शेवटी क्लोरीन. गढूळ पाण्यात क्लोरीन घाणीवरच खर्ची पडते आणि जंतू वाचतात. म्हणजे गाळणे हे अर्धे काम; जंतू मारणे हे उरलेले अर्धे.

गाळण्याची ताकद १८९२ साली जर्मनीत दिसली. एल्ब नदीचे पाणी न गाळता पिणाऱ्या हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्याने आठ हजारांवर माणसे दगावली. शेजारचे आल्टोना नदीच्या खालच्या अंगाला होते. हॅम्बुर्गची घाण त्याच्याकडेच वाहत येई. पण तेथे पाणी वाळूतून सावकाश गाळत, म्हणून ते बरेचसे बचावले.

आपणही खालच्या अंगालाच आहोत. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला मिळते आणि पुढे गोसीखुर्दच्या जलाशयात येते. त्यातली विरघळलेली रसायने तुरटीने, वाळूने किंवा उकळण्याने जात नाहीत. ती जेथून येतात तेथेच थांबवावी लागतात.

तोवर घरी एवढे करावे. गढूळ पाण्यात तुरटी फिरवून ते निवळू द्यावे. वरचे पाणी चौपदरी सुती कापडातून गाळावे. मग ते खळखळ उकळावे, किंवा क्लोरीनचे औषध सांगितलेल्या मापाने टाकून अर्धा तास थांबावे. फडके रोज धुऊन उन्हात वाळवावे.

आणि भगिनींनो, ग्रामसभेत उठून दोन प्रश्न जरूर विचारा : टाकीत क्लोरीन रोज पडते काय? पाण्याची तपासणी शेवटी केव्हा झाली? फडके धरणे आपल्या हाती आहे. बाकीचे काम ज्यांचे आहे, त्यांच्याकडून ते करून घेणेही आपल्याच हाती आहे.