भाड्यानें घेतलेला वेग

मुलगा किंवा पुतण्या पुण्यास नोकरीला लागला, हातांत चार पैसे खुळखुळूं लागले, कीं त्याच्या इच्छांची यादी घरच्या यादीहून निराळी होत जाते, हा अनुभव सातारा-सांगलीकडील पुष्कळ कुटुंबांना आतां नवा राहिलेला नाहीं. त्या यादींत अलीकडे एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. फेरारी, लँबोर्गिनी किंवा पोर्शे यांसारखी अतिवेगवान मोटार, जिला ‘सुपरकार’ म्हणतात, ती विकत न घेतां, ठराविक शुल्क भरून शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर कांहीं फेऱ्या आपल्या हातानें हांकावयाची, असा हा प्रकार आहे. परदेशीं असलेलीं भावंडें त्याचीं छायाचित्रें पाठवितात, वाढदिवसाची भेट म्हणूनही तो दिला-घेतला जातो, आणि मग इकडे माजघरांत प्रश्न उभा राहतो, “काका, मीही जाऊं का?” यावर वडील मंडळींचें उत्तर बहुधा तयार असतें : “दहा मिनिटांच्या मौजेसाठीं एवढे पैसे? वेड तर लागलें नाहीं ना तुला?” उत्तर सोपें आहे, परंतु तें बरोबर आहे कीं नाहीं, याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. तो येथें मांडून पाहूं.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. वेगाची ओढ ही कांहीं परदेशांतून आलेली वस्तु नव्हे. आपल्या या दोन्ही जिल्ह्यांत बैलगाड्यांच्या शर्यतींचें वेड किती खोल आहे, हें सांगण्याची गरज नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें ७ मे २०१४ रोजीं अशा खेळांवर बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ रोजीं महाराष्ट्रांत शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली. आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरला. मुक्या जनावरांस होणाऱ्या त्रासाचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवून एवढेंच पाहूं, कीं त्या शर्यतींत गाडी हांकणारा मनुष्य बैलांच्या सहवासांत वाढलेला असतो. पैसे मोजले म्हणून एका दिवसापुरता कोणाच्या हातीं कासरा दिला जात नाहीं. भाड्याच्या वेगांत मात्र नेमकें तेंच होतें. ज्यानें आजवर घरची साधी मोटार हांकली, त्याच्या हातीं पांच-सहाशें अश्वशक्तीचें यंत्र देण्यांत येतें. या व्यवहाराचें सारें आकर्षण आणि सारा धोका या एका गोष्टींत आहे.

आतां पैशांकडे वळूं. असे बंदिस्त मार्ग भारतांत थोडे आहेत. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट २०११ सालीं सुरू झालें. त्याची एक फेरी सुमारें ५.१ कि. मी. ची आहे. चेन्नईनजीक इरुंगट्टुकोट्टई येथील मार्ग सुमारें ३.७ कि. मी. चा, तर कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे सुमारें २.१ कि. मी. चा आहे. मर्सिडीज, ऑडी, पोर्शे यांसारख्या कंपन्यांनीं आपल्या ग्राहकांसाठीं भारतांत शर्यतीच्या मार्गावर चालनाचे वर्ग भरविले आहेत. दुबई, युरोप व अमेरिका येथें हा स्वतंत्र धंदाच झाला आहे. सातारा-सांगली जिल्ह्यांत असा मार्ग नाहीं. तेव्हां शुल्काखेरीज प्रवास, मुक्काम आणि रजेचे दिवस यांचाही खर्च या एका मौजेच्या नांवें लिहावा लागतो.

समजा, पांच कि. मी. च्या मार्गावर तीन फेऱ्यांचें शुल्क ३०,००० रुपये आहे. हा आंकडा केवळ हिशेबासाठीं घेतला आहे. नवख्या चालकाचा सरासरी वेग ताशीं १०० कि. मी. धरला, तर एका फेरीस तीन मिनिटें, म्हणजे तिन्ही फेऱ्यांस मिळून नऊ मिनिटें लागतील. पहिली फेरी मार्गाची ओळख होण्यांत जाते आणि शेवटची वेग उतरवून ब्रेक थंड करण्यांत. खरा वेग म्हणतात तो उरलेल्या तीन मिनिटांचा. म्हणजे मिनिटास दहा हजार रुपये! जाहिरातींत फेऱ्यांची संख्या ठळक अक्षरांत असते. मिनिटें आपणच मोजावयाचीं असतात.

एवढ्यावर वडील मंडळींचा पक्ष जिंकला असें वाटेल. परंतु तरुणांच्या बाजूनेंही एक बळकट मुद्दा आहे. अशी मोटार विकत घेणें हें तिच्या भाड्याहून कितीतरी पट अव्यवहार्य होय. सचिन तेंडुलकरनें ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, त्याबद्दल २००२ सालीं फियाट कंपनीनें त्यास फेरारी ३६० मोडेना ही गाडी भेट दिली. भेट फुकट असली, तरी तिच्यावरील आयात शुल्क एक कोटी रुपयांहून अधिक होतें. त्या शुल्काच्या माफीवरून २००३ सालीं मोठा वाद झाला, अखेर तें शुल्क कंपनीनें भरलें, आणि २०११ सालीं ती गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली. जगद्विख्यात खेळाडूच्या दारीं जी वस्तु असा घोर घेऊन आली, ती सामान्य गृहस्थानें पाळण्याची नव्हेच.

शिवाय ती घेऊन पळवावयाची कोठें? अशा मोटारी शून्यापासून ताशीं १०० कि. मी. चा वेग सुमारें तीन सेकंदांत गांठतात, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारीस मर्यादा आहे तीही ताशीं १०० कि. मी. चीच. म्हणजे चौथ्या सेकंदास कायदा आडवा येतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शुल्क भरणारास वाटतें कीं आपण मोटारीचें भाडें देत आहों. वास्तविक तो जागेचें भाडें देत असतो. जेथें समोरून ऊंसाचा ट्रॅक्टर येत नाहीं, कुत्रें आडवें जात नाहीं, शाळेचीं मुलें रस्ता ओलांडीत नाहींत, जेथें वेग हा गुन्हा नाहीं, अशी जागा आणि शेजारीं बसलेला जाणता शिक्षक, ही या व्यवहारांतील खरी मोलाची वस्तु होय.

अर्थात् बंदिस्त जागा म्हणजे निर्धोक जागा नव्हे. १२ एप्रिल २०१५ रोजीं अमेरिकेंत फ्लॉरिडा येथील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड स्पीडवेवर अशाच एका भाड्याच्या फेरींत लँबोर्गिनी कठड्यावर आदळली आणि चालविणाऱ्या ग्राहकाशेजारीं बसलेला शिक्षक ठार झाला. १२ फेब्रुवारी २०१७ रोजीं लास वेगासजवळील स्पीडवेगास या मार्गावर ग्राहक व शिक्षक दोघेही मृत्यू पावले. म्हणून सही करण्यापूर्वीं करारपत्राचा प्रत्येक शब्द वाचावा. मोटारीचें नुकसान झाल्यास किती रक्कम आपल्यावर पडेल, अनामत किती, विमा कोणाचा, हें आधीं विचारून घ्यावें. घरची मोटार अशा मार्गावर नेण्याचा विचार असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी : आपल्याकडील मोटार विम्याच्या सामान्य करारांत संघटित शर्यत व वेगाची चांचणी यांसाठीं केलेला वापर वगळलेला असतो.

मग या धोक्याच्या व खर्चाच्या बदल्यांत पदरांत काय पडतें? योग्य शिक्षक भेटला तर एक फार मोठी गोष्ट पडते, ती म्हणजे ब्रेकचें गणित. वेग दुप्पट झाला कीं थांबण्याचें अंतरही दुप्पट होईल, असें आपलें मन धरून चालतें. प्रत्यक्षांत तें चौपट होतें. कारण धांवत्या वस्तूंतील शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. चांगले टायर व कोरडा डांबरी रस्ता असतां ताशीं ६० कि. मी. वेगाची मोटार ब्रेक लागल्यापासून सुमारें १८ मीटरांत थांबते. ताशीं १२० ला सुमारें ७१ मीटर लागतात, आणि ताशीं १८० ला सुमारें १६० मीटर. शिवाय धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर ताशीं १२० च्या वेगांत तेवढ्यानेंच ३३ मीटर मागें पडतात. हें शाळेंतील पदार्थविज्ञान प्रत्येकानें शिकलेलें असतें. पण ब्रेक पुरता दाबूनही वळण अंगावर धांवून येत आहे, हें एकदां देहानें अनुभवलें म्हणजे तें जसें पटतें, तसें वहींतील आंकड्यांनीं पटत नाहीं. खंबाटकीच्या बोगद्यापुढील इंग्रजी ‘एस्’ अक्षरासारखें वळण किती जीव घेऊन बसलें आहे, हें साताऱ्याहून पुण्यास नित्य जाणाऱ्यांस ठाऊकच आहे.

येथें मात्र एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. अर्धें शिक्षण हें अज्ञानाहून घातक ठरूं शकतें. नॉर्वे देशांत तरुण चालकांना निसरड्या रस्त्यावर मोटार सांवरण्याचें शिक्षण सक्तीचें केल्यानंतर १९८० च्या दशकांत पाहणी झाली, तेव्हां तरुण पुरुषांचे अपघात घटण्याऐवजीं वाढलेले आढळले. आपल्याला सांवरतां येतें असें वाटूं लागल्यानें हीं मुलें अधिक धीट झालीं, असा त्याचा अर्थ लावण्यांत आला. तीन फेऱ्या मारून आलेला तरुण ‘मी आतां शर्यतपटु झालों’ अशा समजुतींत घरीं परतला, तर ते पैसे वायां गेले एवढेंच नव्हे, तर ते अनर्थास दिले गेले असें म्हणावें लागेल.

हा अनर्थ दूरचा नाहीं. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यांत कल्याणीनगर येथें भरधांव पोर्शे मोटारीनें दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला; मोटार हांकणारा अल्पवयीन होता, असें पोलिसांनीं सांगितलें. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनुसार, अल्पवयीन मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊं शकतो. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणारास पहिल्या गुन्ह्याबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. एकत्र कुटुंबांत मोटार आजोबांच्या नांवावर असते आणि किल्ली दिवाणखान्यांतील खुंटीला. ती किल्ली कोण, कधीं, कोठें नेतो, याची विचारपूस हा संशय नसून कर्तव्य आहे. मुलाची वेगाची हौस घरांत हंसण्यावारीं नेली, तर ती नाहींशी होत नाहीं. ती रात्रीं मित्रांसह पसरणीच्या घाटांत जाऊन पुरी केली जाते. तेव्हां नुसत्या नकारानें वडीलधाऱ्यांची जबाबदारी संपत नाहीं.

यावर एक मधला मार्ग आहे आणि तो सांगलीहून पन्नासेक कि. मी. वरच आहे. कोल्हापूरनजीक मोहित्यांच्या कार्टिंगच्या मार्गावर राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्याही झालेल्या आहेत. कार्ट ही दिसावयास खेळण्यासारखी गाडी. पण तिला स्प्रिंग नसतात आणि मागचा आंस अखंड असतो, त्यामुळें चालकाची प्रत्येक चूक लगेच त्याच्या पाठीला कळते. वळणापूर्वीं ब्रेक, वळणांत संयम, वळण संपतांना वेग, हा क्रम तेथें आपोआप अंगवळणीं पडतो. जगांतील बहुतेक नामांकित शर्यतपटूंचा श्रीगणेशा अशा कार्टवरच झालेला आहे. सुपरकारच्या एका मिनिटाच्या पैशांत येथें कितीतरी वेळ शिकतां येतें, आणि चुकीचें मोलही तेवढें जबर नसतें.

एवढें पाहिल्यावर निवाडा करणें अवघड नाहीं. कर्ज काढून, आईवडिलांकडून मागून किंवा केवळ छायाचित्रासाठीं हा वेग घेऊं नये. त्या पैशांत घरच्या मोटारीचे झिजलेले टायर बदलले, तर सर्व कुटुंबाचें भलें होईल. परंतु मुलगा स्वतः कमावता आहे, कार्टवर कांहीं काळ शिकला आहे, आणि जेथें जावयाचें तेथें फेऱ्यांपूर्वीं वर्ग घेतला जातो, शेजारीं अनुभवी शिक्षक बसतो व पूर्ण ब्रेक लावण्याचा सराव करून घेतला जातो, अशी खात्री असेल, तर आयुष्यांत एकदां हा खर्च करण्यास हरकत नाहीं. लग्नाच्या एका जेवणावळींत आपण याहून अधिक पैसे विचार न करतां घालवितों. मात्र पैसे वसूल झाले कीं नाहीं, हें मार्गावर गांठलेल्या आंकड्यावरून ठरवूं नये. पुण्याहून घरीं येतांना खंबाटकीच्या उतारावर मागच्या आसनावरील आजीला पुढचा दांडा घट्ट धरावा लागला नाहीं, म्हणजे ते वसूल झाले असें खुशाल समजावें.