हजार अंशांचा बुधवार

सकाळी ७.३०
चाकणच्या तळेगाव चौकात ट्रेलर जमायच्या आत निघाले, म्हणून भोसरीच्या शेडमध्ये वेळेवर पोहोचले. भट्टीत सहा ठोकळे मांडले, ५० मिलिमीटरचे घन. मेटाकाओलिन, म्हणजे भाजलेली चिनी माती, थोडी एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची राख आणि पोटॅशियम सिलिकेटचं द्रावण. प्लास्टिकमध्ये गुंडाळून ६० अंशांवर दिवसभर ठेवलं की दगड होतो. फ्रान्सच्या जोसेफ दाविदोवित्स यांनी १९७० च्या दशकात याला जिओपॉलिमर नाव दिलं. आमच्याकडे नुसते ‘ठोकळे’.

वेग मिनिटाला २ अंश. शेडमधले मामा म्हणाले, “ताई, हीट ट्रीटमेंटला असतो तर एवढ्यात दोन लॉट काढले असते.”

९.४५
३०० अंश. खरी परीक्षा इथवरच. ठोकळ्यातली छिद्रं नॅनोमीटरांची. वाफेला निघायला वाट आणि वेळ दोन्ही लागतात. गेल्या महिन्यात मला घाई होती, १० अंशांचा वेग लावला. अर्ध्या तासात आतून फटफट ऐकू आलं. भट्टी निवल्यावर खपल्या गोळा केल्या. मामा काही बोलले नाहीत, झाडू तेवढा आणून दिला.

१२.००
५७३ अंश. राखेतल्या क्वार्ट्झची रचना इथे पालटते, कण फुगतात. उतरताना पुन्हा आकसतात. डबा उघडला. भाकरी, ठेचा.

१.५५
८०० अंश. आतला पदार्थ आता काचेसारखा मऊ होऊ लागतो, बारीक भेगा बुजतात, ठोकळा आक्रसतो.

३.३५
१००० अंश. पहिली पाळी सुटून गेटवर दुचाक्यांची गर्दी. आत ल्युसाइटचे स्फटिक धरत असणार. पोटॅशियमऐवजी सोडियम असतं, तर नेफेलिन. हे तापमान तासभर धरायचं.

५.००
भट्टी बंद केली, दार मात्र उघडलं नाही. तोवर गेल्या आठवड्याचे ठोकळे प्रेसखाली घेतले. ६०० अंशांवर भाजलेले कुरकुरत चुरडले, न भाजलेल्यांपेक्षाही लवकर. पाणी गेलेलं, भेगा पडलेल्या, त्या बुजवणारी काच अजून झालेली नाही. अर्धवट भाजणं हे असं न भाजण्याहून वाईट. हजारवाले बराच वेळ दाब खात राहिले आणि गोळी सुटल्यासारखे फुटले.

नवीन पोराने सगळ्यांचा भार २५ चौरस सेंटिमीटरनेच भागला होता. “अरे, भाजल्यावर ठोकळा २५ चा राहतो का?” व्हर्निअर हातात दिला. आक्रसलेल्या ठोकळ्याला जुन्या मापाने भागलं, की त्याची ताकद आपणच कमी लिहितो.

६.३०
उद्या गुरुवार, एमआयडीसीची सुट्टी. मामांनी कुलूप लावलं. “चला, आता शुक्रवारपर्यंत तुम्हाला दाराला हात लावता येणार नाही.”

निघताना आकडा पाहिला. ६४०. ५७३ अजून यायचं होतं.