गॉडझिलाच्या पोटातला माणूस

केनपाचिरो सात्सुमा १६ डिसेंबर २०२३ रोजी गेले. १९८४ ते १९९५ या काळात आलेल्या गॉडझिलाच्या सातही चित्रपटांत त्या रबरी सूटच्या आत हाच माणूस होता. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, मार्च २०२४मध्ये, 'गॉडझिला मायनस वन'ला दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं. या विभागात जपानी चित्रपटाला मिळालेला हा पहिलाच मान. कौतुकाचा सूर सगळीकडे एकच होता: अवघ्या पस्तीस कलाकारांनी, हॉलीवूडच्या मानाने किरकोळ पैशांत, कम्प्युटरवर हे साधलं. मी वाचलेल्या एकाही बातमीत सात्सुमांचं नाव नव्हतं. पुरस्काराचा आनंद मला झाला, पण ही गोष्ट फार लागली. ज्या कारागिरीच्या खांद्यावर हा प्राणी सत्तर वर्षं उभा राहिला, तिची आठवणही कुणाला काढावीशी वाटू नये?

सुरुवात सगळ्यांना ठाऊक आहे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची राख 'दाइगो फुकुर्यू मारू' या मासेमारी बोटीवरच्या तेवीस खलाशांच्या अंगावर पडली आणि सप्टेंबरात त्यातला एक जण दगावला. ३ नोव्हेंबरला तोहो कंपनीचा 'गॉडझिला' पडद्यावर आला. दिग्दर्शक इशिरो होंडा चीनमधल्या युद्धकैदेतून परतताना उद्ध्वस्त हिरोशिमा ओलांडून आले होते. परिणाम सांभाळणाऱ्या एजी त्सुबुराया यांना 'किंग काँग'सारखी बाहुली एकेक चौकट हलवून चित्रित करायची होती, पण तेवढा वेळ कंपनीकडे नव्हता. म्हणून नट हारुओ नाकाजिमांना जड सूटमध्ये घातलं, भोवती पंचविसाव्या हिश्श्याचं टोकियो उभारलं आणि कॅमेरा जलद गतीने चालवला. पडद्यावर हालचाल संथ झाली, की तिला वजन येतं. गरजेपोटी निघालेली ही वाट पुढे जपानची स्वतःची कला ठरली. दोन वर्षांनी अमेरिकेने याच चित्रपटातली अणुबॉम्बची चर्चा कापली, एक अमेरिकन वार्ताहर मध्ये घुसवला आणि तो जगभर दाखवला. जगाने गॉडझिलाला पोरखेळ समजावं, याची सोय तिथेच झाली.

पुढच्या वीस वर्षांवर मी रेंगाळणार नाही. पैसा आटत गेला, गॉडझिला मुलांचा लाडका पाठीराखा झाला आणि १९७५मध्ये मालिका थांबली. १९८४ला तो परतला, तेव्हा त्याची उंची पन्नासवरून ऐंशी मीटर झाली होती.

मला बोलायचंय ते १९८९ ते १९९९ या दशकाबद्दल. नोकरीनिमित्त ते मी टोकियोत काढलं. १९८९ अखेर शेअर बाजार शिखरावर होता आणि पुढच्याच वर्षी तो गडगडला. शहरात मात्र भरभराटीच्या काळात मंजूर झालेले मनोरे अजून वर चढत होते. ते मनोरे उभे राहायचे आणि गॉडझिला ते पाडायचा. शिंजुकूतली २४३ मीटर उंच सरकारी इमारत १९९१मध्ये खुली झाली आणि त्याच डिसेंबरात 'गॉडझिला विरुद्ध किंग गिदोरा'मध्ये जमीनदोस्त झाली. योकोहामाचा लँडमार्क टॉवर तर खुला व्हायच्या आधीच, १९९२च्या 'गॉडझिला विरुद्ध मोथ्रा'मध्ये, कोसळला. कर्जात बुडालेल्या त्या शहराला या पडझडीत काय दिसत असेल, हे थिएटरातल्या शांततेवरून कळायचं. १९९१पासून दर डिसेंबरात नवा चित्रपट ठरलेला. तेव्हा आसनांना क्रमांक नसत. आईबाप मुलांना घेऊन थंडीत रांगेत उभे राहत, मीही राहायचो.

या मनोऱ्यांमुळेच गॉडझिला शंभर मीटरचा करावा लागला, आणि त्याची किंमत कारागिरांनी मोजली. सूटमधल्या माणसाची उंची काही वाढत नाही. प्राणी मूळच्या दुप्पट उंच दाखवायचा तर शहर निम्मं करावं लागतं. पंचविसाव्या हिश्श्याचं घर पन्नासाव्या हिश्श्यावर आलं. आग आणि पाणी तर लहान होतच नाहीत: ज्वाळेची जीभ आणि लाटेचा थेंब जेवढ्यास तेवढेच राहतात आणि खोटेपणा उघड करतात. तरीही या चित्रपटांचे परिणाम-दिग्दर्शक कोइची कावाकिता आणि त्यांच्या माणसांनी खिडकीखिडकीत दिवे लावून ती नगरं उभारली. किरणांच्या आतषबाजीचा सोस त्यांनी अती केला, ही माझी तक्रार तेव्हाही होती. दोन प्राणी भिडण्याऐवजी दुरून प्रकाश ओकत बसायचे. पण कोसळणारी भिंत खरंच कोसळायची, धूळ खरी असायची आणि आतला माणूस खरंच गुदमरत असायचा.

१९९५चं साल मी विसरणार नाही. जानेवारीत कोबेचा भूकंप, मार्चमध्ये भुयारी रेल्वेत सारिन वायू. डिसेंबरात तोहोने आधीच जाहीर करून गॉडझिलाला मारलं. त्याच्या हृदयातली अणुभट्टी वितळते आणि तो टोकियोच्या किनाऱ्यावर जळून संपतो. त्या सूटमध्ये शेकडो दिवे होते, सांध्यांतून वायू सोडला जायचा आणि त्याने सात्सुमा बेशुद्ध पडायचे. संगीत आकिरा इफुकुबे यांचं, ज्यांनी १९५४च्या जन्मालाही सूर दिले होते. त्या मृत्यूला माझ्या आजूबाजूची मोठी माणसं रडली.

त्याच दशकात दाइएई कंपनीच्या 'गामेरा' या महाकाय कासवाच्या चित्रपटांनी मला सर्वांत जास्त दिलं. शुसुके कानेको यांचं दिग्दर्शन आणि शिंजी हिगुची यांचे परिणाम. कॅमेरा माणसाच्या नजरेच्या उंचीवर ठेवला, की छोटं शहरही अंगावर येतं, हे हिगुचींनी सिद्ध केलं. मोडक्या टोकियो टॉवरवर मावळतीला बसलेला ग्याओस हा उडता राक्षस ही मला जपानी सिनेमातली थोर प्रतिमा वाटते. १९९९च्या तिसऱ्या भागात आकाशातली झुंज कम्प्युटरवर झाली, पण क्योतोचं नवंकोरं स्टेशन हातांनी बांधून हातांनी मोडलं. दोन्ही विद्या एकमेकींना धरून चालू शकतात, याचा तो पुरावा होता. तो पुढे फार काळ कुणी वापरला नाही.

दरम्यान १९९८मध्ये हॉलीवूडचा 'गॉडझिला' आला. क्षेपणास्त्रांनी मरणारी, पळणारी पाल. सात्सुमा तो अर्ध्यावर सोडून उठले. यात त्याचा आत्मा नाही, असं त्यांचं मत होतं. भारतात सुट्टीवर आलो की मित्र मात्र त्या पालीचे गोडवे गायचे आणि जपानी चित्रपटांना 'रबरी बाहुल्यांचा खेळ' म्हणायचे. सिनेमाचं प्रेम मिरवणारी मंडळीही त्यांत होती. माणसाचा घाम दिसला की कला हलकी, आणि तो लपला की श्रेष्ठ, असा त्यांचा हिशेब होता. तो मला तेव्हाही मान्य नव्हता आणि आजही नाही.

२००४नंतर गॉडझिलाचा सूट जवळजवळ संपलाच. २०१६च्या 'शिन गॉडझिला'त प्राणी कम्प्युटरचा होता, पण त्याची चाल क्योगेन या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारातले नट मान्साई नोमुरा यांच्या अंगातून आली. 'मायनस वन'मध्ये तेवढंही उरलं नाही. ताकाशी यामाझाकी यांचा चित्रपट उत्तम आहे, युद्धोत्तर जपानचं दुःख त्यात खरं आहे. माझं भांडण त्यांच्याशी नाही. ते आहे 'कमी माणसांत, कमी पैशांत' हीच एक फूटपट्टी लावणाऱ्या आजच्या काळाशी. विध्वंस दाखवण्यापूर्वी शहर वीट वीट बांधावं लागत होतं, तेव्हा बांधणाऱ्याला ते मोडताना काय जातं ते कळायचं. होंडांच्या पिढीने ते खऱ्या शहरात पाहिलं होतं. नव्वदच्या दशकातल्या कारागिरांना ते निदान हातांतून उमगायचं.

त्सुबुरायांच्या सुकागावा गावात २०२०पासून या कलेचं संग्रहालय आहे. जुने नमुने तिथे निगुतीने जपले जातात, ते मोलाचंच. पण नमुना जपला म्हणून विद्या टिकत नाही, ती करणाऱ्यांच्या हातातच टिकते. ऑस्करची बाहुली घरी आणलेल्या तोहोने आता एक तरी चित्रपट सूट घालून, शहर बांधून करावा. ज्यांच्या हातांना ते येतं ती माणसं अजून आहेत. आणखी दहा वर्षांनी पैसा असेल, इच्छा असेल, पण शिकवायला कुणी नसेल.