गाणी पाठ, गाव अपरिचित



रोहिणखेडची जुनी मशीद आपण सर्वांनी पाहिली आहे. ती इ. स. १५८२ मध्ये खुदावंदखान महदवी याने बांधली. तिच्याही आधी, १४३७ साली, खानदेशचा नासिरखान वऱ्हाडावर चालून आला असता बहमनी सुलतानाचा सेनापती खलफ हसन याने याच गावाजवळ त्याचा पराभव केला. हा खलफ हसन मूळचा बसऱ्याचा व्यापारी. पुढे १५९०-९१ च्या सुमारास अहमदनगरच्या गादीवरून येथेच दुसरी लढाई झाली आणि तीत महदवी पंथाचा पुढारी जमालखान मारला गेला. गाव घाटाच्या पायथ्याशी असल्यामुळे खानदेशातून वर चढणाऱ्या फौजांना ते टाळता येत नव्हते, एवढाच त्यातला भूगोल.

आमचे बालपण याच पंचक्रोशीत गेले. तरी ही हकीकत आम्हांस वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळली, तीही जिल्ह्याच्या ग्रंथालयात मजुरीचे जुने दर शोधीत असताना हाती लागलेल्या गॅझेटिअरमुळे. त्या वयात आम्हांस हिंदी चित्रपटांतील किती गाणी पाठ होती, ती संगीतकारांच्या नावांसह सांगू लागलो तर आजचे व्याख्यान त्यातच संपेल. आमचे शाळेचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण पदवीधर मंडळींना विचारून पाहिले, तेव्हा त्यांचीही स्थिती फारशी निराळी आढळली नाही.

यावर एक ठरलेले उत्तर असते : लोक आळशी झाले आहेत, त्यांना करमणूक हवी, ज्ञान नको. हे उत्तर आम्हांस पटत नाही. याच जिल्ह्यातील सिंदखेडराजा पाहा. जिजाऊंचा जन्म तेथे १५९८ साली झाला, हे निरक्षर म्हातारीलाही ठाऊक असते. तोही इतिहासच आहे. मग सिंदखेडराजा ठाऊक आणि रोहिणखेड नाही, असे का? जिजाऊंची कथा पोवाड्यांतून, चित्रपटांतून आणि दरवर्षी बारा जानेवारीला भरणाऱ्या मेळ्यातून पुनःपुन्हा कानी पडते. खलफ हसनाचे नाव फारशी तवारिखेतून इंग्रजी गॅझेटिअरात गेले आणि तेथेच राहिले. त्याला कोणी शाहीर भेटला नाही.

पुनरावृत्ती हे याचे पहिले कारण आहे. हेरमान एबिंगहाउस या जर्मन पंडिताने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखविले, की पाठ केलेली गोष्ट पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरली जाते; पण मध्ये मध्ये अंतर ठेवून तीच पुन्हा उजळली तर ती टिकते. शाळेतला धडा एकदा शिकवतात, एकदा परीक्षेत विचारतात आणि पुस्तक रद्दीत जाते. गाणे मात्र लग्नात, मोटारीत, चहाच्या टपरीवर, अंतरा-अंतराने वर्षानुवर्षे ऐकू येते. एबिंगहाउसने सांगितलेली शिस्त सिनेमावाले नकळत पाळतात, शाळाखाते पाळत नाही! ही उजळणी फुकट होत नाही, तिच्यामागे जाहिरातीचा पैसा असतो, हेही ध्यानात ठेवावे. बीजगणिताची जाहिरात करून कोणाचा साबण खपत नाही.

पण नुसत्या पुनरावृत्तीने भागत नाही. ते कळावयास आकाशवाणीची कथा सांगितली पाहिजे. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे गृहस्थ माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. सिनेसंगीताने अभिरुची बिघडते असे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच आकाशवाणीवरून सिनेगीते जवळजवळ नाहीशी झाली आणि शास्त्रीय संगीताचे तास वाढले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. लोकांनी काय केले? काटा फिरवला आणि सिलोन लावले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीलाच ‘विविध भारती’ काढावी लागली. केसकरांवर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो, की संस्थाने गेल्यावर आश्रय सुटलेल्या अनेक गवयांना त्या काळी आकाशवाणीचा मोठा आधार झाला, आणि १९५४ पासूनची आकाशवाणी संगीत संमेलने ही त्यांच्याच कारकिर्दीतील. चांगली वस्तू लोकांपुढे ठेवण्यात त्यांची चूक नव्हती. ऐकणाऱ्याला तीत काही जागाच ठेवली नव्हती.

गीतमालेत ती जागा होती. आमच्या लहानपणी ऐंशीच्या आसपास दर बुधवारी रात्री हॉटेलापुढे माणसे जमत. कोणते गाणे कितव्या पायदानावर जाईल यावर चहाच्या पैजा लागत. ज्याचा अंदाज बरोबर येई तो आठवडाभर शहाणा ठरे, मग तो हमाल असो की पाटलाचा मुलगा. आमच्या मते सगळ्याचे मर्म येथे आहे. माणूस जे ज्ञान चारचौघांत वापरू शकतो, ज्यामुळे त्याला बोलण्यात वाटा मिळतो, ते तो आपण होऊन मिळवितो आणि जपतो. शाळेतल्या ज्ञानाने आमच्यासारख्याला वाटा मिळाला नाही. चुकलो तर छडी आणि बरोबर आलो तर गप्प बसण्याची आज्ञा मिळाली.

आता आमच्याच अपयशाची एक हकीकत सांगतो. जिल्ह्यातील एका सरकीच्या तेलगिरणीत एक कायम कामगार होता. क्रिकेटचा नादी. गावसकरांच्या कसोटीतील १०,१२२ धावा आणि ५१.१२ ची सरासरी तो झोपेतही सांगे. एकदा आम्ही थट्टेने विचारले, की डाव तर २१४ खेळले, मग भागाकार जुळत नाही. तो म्हणाला, “भाऊ, १६ डाव नाबाद आहेत. ते धरत नाहीत. १९८ नं भागा.” कागदावर मांडून पाहिले. बरोबर ५१.१२ आले.

हा माणूस अठरा वर्षांच्या नोकरीनंतर कमी झाला तेव्हा त्याचा पगार दरमहा ५,२०० रुपये होता. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळावयाचे, आणि दिवसाचे वेतन काढताना महिन्याला तिसांनी नव्हे, सव्विसांनी भागावयाचे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच सूत्र आहे. ५,२०० भागिले २६ म्हणजे २००. पंधरा दिवसांचे ३,०००, अठरा वर्षांचे ५४,०००. त्याने ११,००० रुपये घेऊन ‘हिशेब चुकता’ अशा कागदावर सही केली. तसल्या सहीने कायद्याचा हक्क बुडत नाही, हेही त्याला ठाऊक नव्हते. तो आमच्याकडे आला तेव्हा तीन वर्षे लोटली होती, गिरणीचे मालक बदलले होते, जुना हजेरीपट मिळेना. त्याच्या हाती काही लागले नाही.

आणि त्याच गिरणीच्या फाटकासमोर दोन वर्षे आधी आम्ही ग्रॅच्युइटीवर तासभर व्याख्यान दिले होते! तो पुढेच बसला होता. आम्ही कलमे वाचून दाखविली होती आणि माणसे जांभया देत होती. त्यांना कळत नाही, असे त्या वेळी आम्ही मनाशी म्हटले होते. जो माणूस नाबाद डाव वगळून सरासरी काढतो, त्याला चार रविवार वगळून सव्विसांनी भागणे कळले नसते काय? गणित एकच होते. आम्हीच ते त्याच्या गणिताशी जोडून दिले नाही. १९८८ साली अमेरिकेत रेक्ट व लेस्ली या दोन अभ्यासक बाईंनी बेसबॉलवरचा उतारा शाळकरी मुलांना देऊन पाहिला. वाचनात कच्ची पण खेळातली जाणकार मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांहून तो अधिक समजली. हे आम्ही पुढे वाचले. वाचून आनंद झाला नाही.

आमच्या पूर्वसूरींना ही गोष्ट पुस्तकावाचून कळली होती. गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न विचारीत आणि उत्तर समाजाकडून वदवून घेत. सत्यशोधकांनी तमाशाचा साज घेऊन जलसे उभे केले आणि आंबेडकरी जलशांनी तीच वाट पुढे नेली. अण्णाभाऊ साठे शाळेत दीड दिवस गेले. मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि सिनेमांची भित्तिपत्रके वाचीत त्यांना अक्षरे आली असे सांगतात. त्याच अण्णाभाऊंनी १९५९ साली ‘फकिरा’ दिली. सिनेमाच्या भित्तिपत्रकाला नाक मुरडणाऱ्यांनी एवढे तरी आठवावे. सगळीच करमणूक अशी पायरी ठरते असे मात्र आमचे म्हणणे नाही. पुष्कळशी केवळ वेळ खाते, आणि आताचा हातातला मोबाईल तर माणसाला चारचौघांतूनही उठवून नेतो.

आमच्या संघटनेच्या वर्गात आता कलमे शेवटी येतात. आधी सरासरी, मग नाबाद डाव, मग रविवार. गेल्या हंगामात एका जिनिंगच्या कामगारांसाठी असा वर्ग घेतला. हंगामी कामगारास दर हंगामामागे पंधरा नव्हे, सातच दिवसांचे वेतन मिळते, असे सांगून आम्ही खडू खाली ठेवला. मागून कापूस वेचणीच्या पट्ट्यावरची एक बाई उठली. “आमाले सातच काहून भाऊ? जिन बंद असते तवा आमी मजुरीले दुसरीकडं जातो, ते कोन धरते?” दुसरीने आपले हंगाम बोटांवर मोजायला घेतले. तिसरी म्हणाली, की हजेरीपटावर आपले नाव आहे की मुकादमाचे, ते आधी पाहा. रात्रीचे अकरा वाजले तरी कोणी उठेना, आणि त्या पहिल्या बाईच्या प्रश्नाचे पुरते उत्तर अजून आम्हांस देता आलेले नाही.