सक्तीविना लांबलेला पाळणा

मॉरिशसचं मुख्य बेट आपल्या पुणे जिल्ह्याच्या जेमतेम आठव्या हिश्श्याएवढं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे डीडीटीची फवारणी झाली, मलेरिया हटला, मृत्यू घटले. घरोघरचे पाळणे मात्र पूर्वीसारखेच हलत राहिले. 1960 च्या सुमारास लोकसंख्या वर्षाला तीन टक्क्यांनी वाढत होती आणि बेटाची सारी मदार उसावर होती. रिचर्ड टिटमस आणि ब्रायन एबल-स्मिथ या ब्रिटिश समाजधोरण-अभ्यासकांनी मॉरिशसवरच्या आपल्या अहवालात कुटुंबनियोजनाची निकड स्पष्ट मांडली.

त्याआधीच, 1957 मध्ये, स्थानिक मंडळींनी कुटुंबनियोजन संघटना काढली होती. कॅथलिक चर्चला कृत्रिम साधनं मान्य नव्हती, म्हणून 1963 मध्ये ‘आक्सिओं फामिलियाल’ ही दुसरी संस्था उभी राहिली. ती फक्त नैसर्गिक पद्धत शिकवायची. बाईने सकाळी अंथरुणातून उठण्याआधी थर्मामीटर लावायचा आणि आकडा तक्त्यावर टिपायचा. बीज सुटल्यावर तापमान अंशाच्या दोन-चार दशांशांनी चढतं आणि चढलेलंच राहतं; चढ टिकला की पुढचे दिवस सुरक्षित मानायचे. तो चढ ओळखायला शिकवण्यासाठी कार्यकर्ते घरी यायचे आणि नवरा-बायको दोघांना समोर बसवायचे. नवऱ्यालाही तक्ता वाचायला लावणं, हे मला या कामातलं सर्वांत मोठं आरोग्यशिक्षण वाटतं.

सरकारने दोघांत डावं-उजवं केलं नाही, दोन्ही संस्थांना अनुदान दिलं. 1970 च्या दशकात संघटनेची केंद्रं सरकारी आरोग्यसेवेत सामील झाली. मुली शिकू लागल्या, लग्नाचं वय वाढलं, त्याचाही हातभार लागला. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला एका स्त्रीमागे सरासरी सहाच्या आसपास मुलं होती. दहा-बारा वर्षांत हा आकडा साडेतीनच्या खाली आला.

याच काळात, 1976 मध्ये, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते टळलं. कोकणातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज मॉरिशसमध्ये आहेत. त्यांच्यावर असा वरवंटा कधी फिरला नाही.

आज तिथला जननदर दीडच्याही खाली गेला आहे आणि लोकसंख्या म्हातारी होते आहे. पण म्हणून काम संपलेलं नाही. किशोरवयीन मुलामुलींचं लैंगिक शिक्षण आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी यांची गरज जननदर उतरल्याने कमी होत नाही. कुटुंबनियोजन म्हणजे निव्वळ मुलं कमी करणं नव्हे. आपल्याकडच्या आरोग्य खात्यानेही उद्दिष्टांचे आकडे बाजूला ठेवून आधी नवऱ्यांना समोर बसवावं.