सांथीच्या दिवसांत समुद्राची सहल



२०२१ सालच्या डिसेंबर महिन्यांतील गोष्ट आहे. शिरूरचे माझे एक जुने स्नेही मजकडे आले होते. उभा जन्म शिक्षकाच्या पेशांत घालवून ते नुकतेच सेवानिवृत्त झाले होते. घोडनदीच्या कांठीं वाढलेल्या या गृहस्थांनीं समुद्र पाहिला होता तो किनाऱ्यावरूनच. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या सहलीच्या बोटी पुन्हां सुरू झाल्याचें त्यांनीं वाचलें होतें, आणि एकदां पत्नीसह त्या बोटीनें जावें असें त्यांच्या मनांत फार होतें. त्यांची ऐशीं उलटलेली आई त्या वेळीं दौंडला, त्यांच्या बहिणीकडे, राहत होती. बेत असा कीं, सहल आटोपून मुंबईहून आगगाडीनें थेट दौंडला उतरावें, आईला बरोबर घ्यावें आणि शिरूरास परतावें. बेत सांगून झाल्यावर त्यांनीं मला विचारलें, "कोविड अजून गेलेला नाहीं. बोटीनें जाणें सुरक्षित आहे कां?"

मीं घाईनें उत्तर दिलें, "तुम्हीं दोघांनींहि लस टोंचून घेतली आहे. बोटीवर चढण्यापूर्वीं तपासणी होते. मग भय कसलें? खुशाल जा." पुढें थोड्याच आठवड्यांनीं वर्तमानपत्रांत जी बातमी आली तिनें माझें उत्तर खोटें ठरविलें. तें कोठें चुकलें होतें, याचा उलगडा आज आपल्यापुढें करावा असा माझा विचार आहे.

ती सांथ आतां ओसरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें ५ मे २०२३ रोजीं कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें, आणि सहलीच्या बोटी पूर्ववत् फिरूं लागल्या. परंतु सांथी येतात व जातात. माझ्या स्नेह्यांचा प्रश्न मात्र पुढच्या प्रत्येक सांथींत कोणी ना कोणी विचारणारच. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षां ती आधींच खणून ठेवलेली बरी.

बोट आणि रोगराई यांचें नातें फार जुनें आहे. १३७७ सालीं एड्रियाटिक समुद्रावरील रागुसा, म्हणजे आजचें दुब्रोव्हनिक, या नगरराज्यानें असा नियम केला कीं, सांथीच्या मुलुखांतून येणाऱ्यांनीं तीस दिवस शहराबाहेर काढावेत. पुढें ही मुदत चाळीस दिवसांची झाली, आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून 'क्वारंटाईन' हा शब्द जगभर रूढ झाला. आपल्याकडे १८९६ सालीं प्लेग प्रथम ओळखला गेला तो मुंबईच्या गोदीजवळील मांडवी भागांत. १९१८ सालच्या जूनमध्यें इन्फ्लुएंझानें आजारी पडलेल्या पहिल्या लोकांत मुंबईच्या गोदीशीं संबंध असलेले शिपाई व कामगार होते. तेथून आगगाडीच्या वाटेनें तो ताप देशभर गेला.

त्याच वर्षीं पॅसिफिक महासागरांत एक मोठा बोधप्रद प्रकार घडला. सामोआ बेटांचा एक भाग न्यूझीलंडच्या ताब्यांत होता, दुसरा अमेरिकेच्या. ७ नोव्हेंबर १९१८ रोजीं ऑकलंडहून आलेल्या 'तालून' नांवाच्या बोटीला पहिल्या भागानें धक्क्यावर येऊं दिलें. बोटीवर इन्फ्लुएंझाचे रोगी होते. थोड्याच आठवड्यांत तेथील सुमारें पांचवा हिस्सा लोक मृत्युमुखीं पडले. शेजारच्या अमेरिकन सामोआनें येणाऱ्या बोटींवर कडक निर्बंध घातले होते. तेथें या रोगानें एकहि मनुष्य दगावला नाहीं. बोट आली आणि गेली. किंमत मोजली ती किनाऱ्यानें.

आतां सहलीच्या बोटीची रचना पाहूं. ही बोट म्हणजे एक तरंगता वाडाच समजावा. कित्येक मजले, अरुंद बोळ, दोहों बाजूंस खोल्या, त्यांतील कांहींना खिडकीहि नाहीं. भोजनाची दालनें तींच, नाट्यगृह तेंच. प्रवासी डेकवर उभा राहतो, तोंडावर खारा वारा येतो, आणि इतक्या मोकळ्या हवेंत रोग कसला असें त्याला वाटतें. परंतु दिवसाचा पुष्कळसा वेळ तो आंतल्या बंद दालनांतच काढीत असतो. कोविड मुख्यत्वें श्वासावाटे पसरतो. बोलतांना, गातांना, हंसतांना बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण बंद जागेंत बराच वेळ तरंगत राहतात. कठडे कितीहि पुसले आणि हात कितीहि धुतले तरी ती हवा स्वच्छ होत नाहीं.

शिवाय या वाड्यांत एक दुसरी वस्ती असते; ती प्रवाशांच्या फारशी दृष्टीस पडत नाहीं. स्वयंपाकी, वाढपी, खोल्या झाडणारे, यंत्रें चालविणारे हे नोकर खालच्या मजल्यांवरील लहान खोल्यांतून दोघे-चौघे मिळून राहतात. प्रवासी चार दिवसांनीं उतरतो, नवा येतो. नोकर तेथेंच असतो. एका खेपेचा रोग दुसऱ्या खेपेच्या हातीं देणारा दुवा, त्याचा कांहीं दोष नसतांना, तोच होऊन बसतो. या नोकरवर्गांत मुंबईचीं, कोंकणचीं, गोव्याचीं किती तरी मुलें आहेत, हें आपण विसरतां कामा नये.

फेब्रुवारी २०२० मध्यें जपानच्या योकोहामा बंदरांत 'डायमंड प्रिन्सेस' ही बोट अडकून पडली. हाँगकाँगला उतरून गेलेला एक प्रवासी बाधित असल्याचें मागाहून कळलें होतें. बोटीवर ३,७११ माणसें होतीं. प्रवाशांना आपापल्या खोल्यांत बसविलें. परंतु त्यांना जेवण पोहोंचविण्याचें काम नोकरांना करावेंच लागलें, आणि रात्रीं झोपावयाचें तें त्याच सामाईक खोल्यांत. अखेर ७१२ जणांना बाधा झाली. त्यांतील शेंकडों लोकांना तपासणीच्या वेळीं कोणतेंहि लक्षण नव्हतें. या बोटीवर १३८ भारतीय होते. त्यांपैकीं प्रवासी अवघे ६, बाकीचे १३२ नोकरीवर असलेले.

आपण म्हणाल, तेव्हां लस नव्हती. खरें आहे. म्हणून आतां आपल्या किनाऱ्यावरील प्रकार पाहूं. मुंबई-गोवा मार्गावर 'कॉर्डेलिया' कंपनीची 'एम्प्रेस' ही बोट सप्टेंबर २०२१ पासून सहली काढूं लागली होती. लसीचे दाखले पाहिले जात, तपासणी होत असे. २०२२ च्या जानेवारीच्या आरंभीं सुमारें दोन हजार माणसें घेऊन ती गोव्यास पोहोंचली, तेव्हां एका नोकरास बाधा झाल्याचें कळलें. सर्वांची तपासणी केली असतां ६६ जण बाधित निघाले. गोवा पाहण्यास निघालेल्या मंडळींना गोव्याचा किनारा दुरूनच पाहून मुंबईस परतावें लागलें. तेथें उरलेल्यांची तपासणी झाली आणि आणखी १४३ जण बाधित आढळले. एकूण २०९. ओमिक्रॉनचा तो काळ होता. त्याच आठवड्यांत मुंबईंत एका दिवसांतील नव्या रुग्णांचा आंकडा वीस हजारांवर गेला. हीच ती बातमी, जिनें माझें उत्तर खोटें ठरविलें.

लसीनें आपलें काम केलें नाहीं काय? केलें. लस घेतलेल्या मनुष्याचा आजार बहुधा सौम्य होतो, आणि हा उपकार लहान नव्हे. परंतु लस घेतलेला मनुष्य दुसऱ्याला रोग देणारच नाहीं, असें वचन लस देत नाहीं. तपासणीचेंहि तसेंच. रोग शरीरांत शिरल्यापासून तपासणींत दिसेपर्यंत कांहीं दिवस जातात. तपासणीचा दाखला कालची तिथि सांगतो. आजची सांगत नाहीं.

येथें थोडा हिशेब करूं. समजा, शहरांत दर दहा हजारांमागें एकाच मनुष्याच्या अंगीं नकळत रोग आहे. दोन हजारांची बोट भरली, तर पांच फेऱ्यांपैकीं सुमारें चार फेऱ्यांत बोटीवर एकहि बाधित नसेल. आतां हेंच प्रमाण हजारांत एक झालें असें धरा. दर फेरीस सरासरीनें दोन बाधित चढतील, आणि सात फेऱ्यांतून जेमतेम एक फेरी निर्मळ जाईल. शंभरांत एक झालें, तर वीस जण चढतील. मग दाखले तपासणारा कितीहि दक्ष असला तरी त्याच्या चाळणींतून कोणी ना कोणी गळून आंत जाणारच. बोट तीच, नोकर तेच, नियम तेच. बदलला तो केवळ किनाऱ्यावरील रोगाचा आंकडा. म्हणून बोट सुरक्षित आहे कां, हें पाहण्यापूर्वीं शहर सुरक्षित आहे कां, हें पाहिलें पाहिजे. मीं हेंच पाहिलें नव्हतें.

दुसरी एक गोष्ट याहून सहज निसटणारी आहे. सहल दोन-तीन दिवसांची असेल तर धोका कमी, असें आपणांस वाटतें. हवेंतील सहवास कमी झाला हें खरें. परंतु बोटीवर पहिल्या रात्रीं लागलेला रोग अंगावर दिसूं लागण्यास तीन ते पांच दिवस लागतात. तोंवर प्रवासी धक्क्यावर उतरून, आगगाडींत बसून घरीं पोहोंचलेला असतो. बोटीच्या वहींत ती फेरी निर्दोष म्हणून नोंदली जाते, आणि खोकला ऐकूं येतो तो दौंडच्या ओसरीवर. माझ्या स्नेह्यांनीं विचारलें होतें तें स्वतःपुरतें. मीं उत्तर दिलें तेंहि त्यांच्यापुरतेंच. त्यांची आई त्या प्रवासांतील तिसरी प्रवासी होती, आणि तिला कोणीं विचारलें नव्हतें.

मग सांथ पूर्णपणें नाहींशी होईपर्यंत बोटी बांधूनच ठेवाव्या काय? तसेंहि नाहीं. अमेरिकेनें १४ मार्च २०२० रोजीं सहलीच्या बोटी बंद केल्या, आणि २०२१ च्या जूनमध्यें त्या पुन्हां सोडूं लागली. मध्यंतरीं ३० ऑक्टोबर २०२० रोजीं तिनें जे नियम घातले त्यांत एक विशेष होता. कंपनीनें बंदराशीं व किनाऱ्यावरील रुग्णालयांशीं आधींच करार करावा: रोगी निघाले तर ते कोठें उतरतील, कोठें राहतील, त्यांवर उपचार कोण करील. हा नियम शहाणपणाचा आहे. २०२० च्या फेब्रुवारींत 'वेस्टरडॅम' बोटीला एकामागून एक पांच ठिकाणीं नकार मिळाला. शेवटीं कंबोडियानें तिला थारा दिला. जिला परतीचें दार माहीत नाहीं, अशा बोटीनें बंदर सोडूं नये.

एवढ्या विवेचनानंतर उत्तर थोडक्यांत देतां येतें. सांथीच्या काळांत सहल पुन्हां सुरू करावयाची तर किनाऱ्यावर रोगाचें प्रमाण थोडें असावें आणि तें वाढतांच सहल थांबविण्याची तयारी असावी. प्रवासी व नोकर दोघांनींहि लस घेतलेली असावी. बोट निम्मीच भरावी, दालनांत बाहेरची हवा खेळती राहावी, आजारी नोकराला पगार न कापतां वेगळी खोली मिळावी. आणि ज्या किनाऱ्यावर बोट जाणार त्याची आगाऊ संमति असावी. यांतील एकहि गोष्ट उणी असेल तर ती सहल सुरक्षित नव्हे. आणि साऱ्या असल्या तरी ती निर्धोक नव्हे, सह्य मात्र आहे.

हें थांबणें आणि पुन्हां निघणें आपल्या शिरूर-दौंडकडील लोकांना शिकवावयास नको. २०२० मध्यें मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेल्या दौंडच्या राज्य राखीव पोलिस दलाच्या जवानांत बाधा आढळली, तेव्हां मुंबईचें दुखणें दौंडपासून किती जवळ आहे, हें सर्वांनीं पाहिलें. ते जवान कर्तव्य म्हणून गेले होते. सहलीला तेवढीहि सबब नाहीं. शिरूर तालुक्यांतील रांजणगांवच्या गणपतीचें दार, राज्यांतील इतर देवळांप्रमाणेंच, २०२० च्या मार्चपासून बंद राहिलें. दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबर रोजीं, तें उघडलें. पुढच्या एप्रिलमध्यें पुन्हां मिटावें लागलें. ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशीं, परत उघडलें. उघडलेलें दार पुन्हां मिटण्यांत कोणाची अप्रतिष्ठा झाली नाहीं.

दौंड तालुक्यांतील यवत आणि वरवंड हीं तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरील गांवें. २०२० आणि २०२१ या दोन वर्षीं पालखी पायीं आली नाहीं, पादुका एस. टी. च्या गाडीनें पंढरपुरास गेल्या. ज्यांच्या घराण्यांत पिढ्यान्पिढ्या वारी चुकली नव्हती, ते घरीं बसून राहिले. २०२२ मध्यें लसी झाल्या, रोग सौम्य झाला, तेव्हां मोकळ्या आभाळाखालीं वारी पुन्हां चालूं लागली. जेथें वारी थांबली, तेथें हौसेच्या सहलीनें थांबावयास काय हरकत आहे?

माझ्या स्नेह्यांनीं ती बातमी वाचून आपला बेत रद्द केला. मजवर ते रागावले नाहींत. मीच पुष्कळ दिवस ओशाळलेला होतों. २०२३ च्या हिवाळ्यांत मात्र तीं दोघें बोटीनें गोव्यास जाऊन आलीं. परततांना ठरल्याप्रमाणें दौंडला उतरलीं. म्हातारीनें लेकाला जवळ बसवून विचारलें, "समुद्र केवढा रे असतो?" दोन वर्षें उशिरां कां होईना, या प्रश्नाचें उत्तर तिच्याजवळ बसून देतां आलें, यांतच त्यांना सहलीचें सार्थक वाटलें.